खडूच्या दोन गाड्या

उभ्या लालबाग-परळात माझ्या भावोजींपेक्षा जास्त वेळ लावून निर्णय घेणारा माणूस दाखवा, मी मिशी उतरवून देईन. हॉटेलात मिसळ की बटाटेवडा हे त्यांचं ठरेपर्यंत दोन्ही संपतात आणि ते नुसता चहा पिऊन घरी येतात. ताईला मात्र त्यांनी पाहताक्षणी होकार दिला होता. "तेव्हा समोर एकटी मीच होते ना!" असं ताई म्हणते.

लग्नानंतर त्यांनी तिला शब्द दिला होता, की तुला मोटरसायकलवरून कन्याकुमारीला नेईन. नोकरी आणि मुलं यांत ते राहून गेलं. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भावोजी गाडी घ्यायला निघाले आणि तिथेच घात झाला. त्यांच्या मनात भरलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीच्या दोन पिढ्या निघाल्या. नवी शोरूममध्ये, जुनी मात्र कंपनीने बंद केलेली, पण लालबागच्या आमच्या मेकॅनिककडे एखादी जपून वापरलेली नेहमी उभी असायची. "जुनी रस्त्यात रुसली तर पानवालाही चालू करून देईल. नवीला लॅपटॉप लागतो, लॅपटॉप!" असं सकाळी ठणकावणारा हा माणूस संध्याकाळी मला फोन करायचा, "पण नवीचे ब्रेक बघ रे, काय लागतात!" एक नाही, दोन नाही, आठ वर्षं मी हे ऐकलं. मध्येच नवीचीही सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत.

बाकी तयारी मात्र जय्यत! दोन हेल्मेटं, दोन जॅकेटं, मागे लटकवायच्या दोन बॅगा. त्या बॅगांत ताई कांदे-बटाटे ठेवू लागली. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा यांनी भांडून पार्किंगची जागा मिळवली आणि तिथे खडूने दोन्ही गाड्या मापात काढल्या, जुनी पांढरी, नवी पिवळी. बिल्डिंगमधली पोरं त्यांवर लंगडी खेळायची. दसऱ्याला तर कहरच. भावोजींनी दोन्ही चित्रांना झेंडूचे हार घातले आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. सेक्रेटरी म्हणाला, "काका, निदान एकीला तरी सोडा!" मी हसून हसून खाली बसलो. ताईही हसत होती, पण भिंतीला धरून.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आठ वर्षांपूर्वी चाळीचे तीन जिने धावत चढणारी माझी ताई आता लिफ्ट बंद असली की घराबाहेर पडत नव्हती. आणि आम्ही सगळे शहाणे इंजिनावर चर्चा करत होतो.

तीन महिन्यांपूर्वी भावोजी तिला शोरूममध्ये घेऊन गेले, सोबत मीही होतो. नवीच्या मागच्या सीटवर ताईचा पाय काही जाईना. एकदा, दोनदा. मग सेल्समनने प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ताई म्हणाली, "अहो, हे स्टूल काय मी कन्याकुमारीपर्यंत डोक्यावर घेऊन बसू?" सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. तिथून ते आम्हाला तडक मेकॅनिककडे घेऊन आले. जुनीची सीट बुटकी. ताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच चढली आणि बसली.

"हीच," भावोजी म्हणाले. आठ वर्षांचा प्रश्न मिनिटात मिटला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हिला आधीच विचारायला पाहिजे होतं रे."

जुनी घरी आली, पण ताईचे गुडघे बघून डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नकार दिला. अर्धा तास, त्याहून जास्त नाही. म्हणून आता रोज संध्याकाळी दोघं हेल्मेट-जॅकेट चढवून वरळीच्या समुद्रापर्यंत जाऊन येतात. घरी आल्यावर भावोजी त्या दिवसाचे किलोमीटर मोजून भिंतीवरच्या नकाशावर रेघ पुढे सरकवतात. कोलाड गेलं, चिपळूण गेलं. रत्नागिरीला तर त्यांनी मुक्काम केला, म्हणजे त्या दिवशी ताईचा गुडघा सुजला होता.

परवा त्यांचा फोन आला. "गोव्यात पोचलो रे! ताई विचारतेय, तुला काजू आणायचे का?"

आणले म्हणजे काय, आणलेच. लालबागच्या बाजारातून घेतलेले. ताईने पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "अजून खूप लांब आहे रे कन्याकुमारी." आणि पहिल्यांदाच मला वाटलं, लांबच असू दे.