माजघरावरची कौलं

मार्गशीर्ष, सन १९४३. हजर: मी, सासूबाई, दोन मुली, एक म्हैस. गैरहजर: मुलींचे वडील. ते पलटणीत होते. कुठल्या मुलखात, ते पत्रात लिहायला मनाई होती.

वरच्या आळीत उंदीर पडला तसा गाव हलायला लागला. प्लेगची आम्हाला सवय होती. रानात खोपी घालायच्या, घरांची कौलं उतरून ऊन आत घ्यायचं आणि साथ सरेपर्यंत मागं फिरायचं नाही. माझी तयारी चोख होती. चावडीवर जाऊन सगळ्यांना टोचून आणलं. उसाच्या फडाशेजारी पाचटाची खोप घालून घेतली. ज्वारी, मीठ, रॉकेल, हंडे, म्हशीचं दावं, सगळं गाडीत चढलं. उरल्या सासूबाई. त्या माजघरात आपल्या घोंगड्यावर बसून होत्या.

"आत्याबाई, गाडी जुपलीया."

"जावा तुमी. कौलं कोन उतरनार?"

"बगते कोन मिळतंय का."

"कोन नगं. दर खेपंला माझ्या ल्योकानं उतरल्यात. त्यो रजंवर येईल, उतरील, मग मी हालीन."

त्याच सकाळी आमच्या धान्याच्या बळदापाशी मेलेला उंदीर सापडला. आता या घरात त्यांना आणखी एक रात्र ठेवणं म्हणजे त्यांच्यावर पाणी सोडणं होतं.

चुलत दिरांकडे गेले. ते म्हणाले, "आवं वैनी, आमचीच अजून वर हाईत. परवा बगू." खोटं नव्हतं. अंगणात उभं राहिलं की दिसायचं, घराघरावर माणसं चढलेली, एकमेकांना तंबाखू मागत होती. आमच्या आढ्यावर कावळा होता.

माझं माहेर मेढ्याकडचं, पावसाच्या मुलखातलं. तिथं घर शाकारताना मुलीही शिडीवर असतात. इथं खाली सासू आणि देव असताना सुनेनं घरावर पाय ठेवणं कोणी ऐकलं नव्हतं. मी शिडी लावली, काष्टा घट्ट केला आणि चढले.

समोरच्या घरावरून एकजण म्हणाला, "बायकाबी वर आल्या गड्या. उद्या नांगर धरत्याल."

"नांगर मोकळा असला तर धाडून द्या," मी म्हणाले. तो हसला, पण मदतीला आला नाही.

खालून आवाज आला, "कोन हाय गं वर?"

"मी हाय, आत्याबाई."

"माझ्या डोस्क्यावरनं चालतीस?"

"मग डोस्कं तितनं काढा."

नेमकी त्यांच्या घोंगड्यावरची ओळ काढली. ऊन थेट त्यांच्या अंगावर पडलं. त्या सरकल्या. मी पुढची ओळ काढली. त्या पुन्हा सरकल्या. असं करत भिंत आली तेव्हा त्या उठल्या, देव पदरात घेतले आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या.

खोपीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. "तुज्या आईला सांग, मीठ कमी हाय," असे निरोप मुलींच्या तोंडून यायचे. संध्याकाळी खोपीखोपीतून बायका नवऱ्यांवर ओरडताना ऐकू यायच्या. मी चूल विझवून बाहेर बसायची. काम नीट झालं होतं, पण ते झालं असं सांगायला कोणी नव्हतं. पलटणीला पत्र धाडलं ते 'सर्व खुशाल' एवढंच. कौलांचं लिहिलं नाही.

शिमगा झाल्यावर साथ ओसरली. आम्ही चौघी धडधाकट परत आलो. मी पुन्हा वर चढले. या वेळी सासूबाई शिडीखाली उभं राहून कौलं हातात देत होत्या. त्यांच्या जागेवरची ओळ आली तेव्हा मात्र त्यांनी हात आखडला. "ही ऱ्हाऊ दे. ही माझ्या ल्योकाची." मी तेवढ्यावर पत्रा टाकून दगड ठेवले.

पुढच्या साली पलटणीकडून कळवलं गेलं की त्यांचा पत्ता लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, "पत्ता न्हाई म्हंजी येनार." आणि पत्र्याखाली घोंगडं पसरून त्या तिथंच झोपत राहिल्या.

गेल्या साली त्या वारल्या. मुली आपापल्या घरी गेल्या. पत्रा गंजून भोकं पडली आहेत, खाली घमेलं ठेवावं लागतं. कौलं मागच्या परड्यात भिंतीला लावून रचलेली आहेत, एकही फुटलेलं नाही. शिडी धड आहे, मलाही अजून चढता येतं. ती ओळ लावायची राहिली आहे.