दुधाळ रंगाची तक्रार

आमच्या नव्या टीव्हीवर जंगल दुधाळ दिसत होतं, आणि गुन्हेगार कोण हे मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं होतं. टीव्ही विकणारी कंपनी. डब्यावर हे मोठं एचडीआरचं स्टिकर आणि आत पांढरट चित्र. ही सरळ फसवणूक होती. पत्रकं लिहिणाऱ्यांची ही खोडच असते. आधी दोषी सापडतो, पुरावे मागून येतात.

मी ठेका मजुरांच्या एका छोट्या संघटनेत काम करते. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, राइट टाउनात, दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे, तिथे बसून हिंदीत पत्रकं लिहिते. घर कांचघर मोहल्ल्यात. घरात आई, बाबा आणि मी. बाबा जन्मभर रंग तपासत आले. सरकारी फॅक्टरीतून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात रिछाईच्या औद्योगिक वस्तीतल्या एका खासगी कारखान्यात तेच काम करायला लागले. रंगारी पत्रे रंगवून आणतो, बाबा ते नमुन्याच्या छोट्या रंगवलेल्या पत्रीशी ताडून पाहतात आणि पास की नापास ते वहीत लिहितात. ओल्या हवेत फवारलेल्या रंगावर कधी कधी पांढरट झाक धरते. तिला बाबा दुधाळ म्हणतात. शेऱ्यातही तोच शब्द असतो.

आत्येभाऊ पुण्याहून आला तेव्हा आपल्या विकतच्या डिस्क जशाच्या तशा उतरवलेली एक हार्ड डिस्क ठेवून गेला. तिच्यात जंगलांवरचा एक लांबलचक माहितीपट होता आणि त्यात साल वृक्षांचं जंगल होतं. बाबांचं लहानपण तसल्याच जंगलाजवळ, कुंडमला गेलं. सालाची नवी पालवी हिरवी नसते, तांबूस असते, हे त्यांनी मला एवढ्या वेळा सांगितलं होतं की मी ते न पाहताच कोणालाही सांगू शकले असते. तर बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो, आणि बाबा म्हणाले, "हे दुधाळ आहे."

खरंच होतं. आईनंही मान हलवली.

हा शब्द मी त्याच दिवशी दुपारी एकदा ऐकला होता. एक रंगारी भैया ऑफिसात आला होता. बाबांच्याच कारखान्यातला. त्याचा अख्खा लॉट नापास झाला होता, गेटवर त्याला आत सोडणं बंद झालं होतं, आणि सोमवारी सकाळी मॅनेजर निकाल देणार होता, ठेवायचं की काढायचं.

"दीदी, बाबूजी ने दूधिया लिख दिया," तो म्हणाला. "रंग सही था. आप खुद आकर दिन की रोशनी में देख लो."

मी गेले नाही. रात्री जेवताना बाबांना विचारलं.

"दुधाळ म्हणजे दुधाळ," ते म्हणाले. "तुला पत्रक लिहायचं असेल तर लिही. मी शेरा बदलणार नाही."

आमच्या घरात साडीचा रंग, टमाटरचा पिकलेपणा, भिंतीचा चुना, सगळं बाबांच्या डोळ्यावर ठरत आलं होतं. गुरुवारी सकाळी मी भैयाला फोन करून सांगितलं की या केसमध्ये आम्ही काही करू शकत नाही. तो फक्त "अच्छा" म्हणाला.

मग मी टीव्हीच्या मागे लागले. दोष समजायला अर्धा दिवस गेला. या डिस्कवरचा उजेड फार झगझगीत पडद्यांच्या, म्हणजे एचडीआरच्या, मापात भरलेला असतो. ते माप टीव्हीला कळलं नाही तर तो सगळं साध्या मापात वाचतो आणि चित्र पाणी घातलेल्या ताकासारखं होतं. उपाय एकच होता. तो सगळा उजेड साध्या टीव्हीच्या मापात बसवून फाईल नव्यानं बनवायची. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पूर्ण चित्रपटाला दीड-दोन दिवस लागले असते, म्हणून मी सालाच्या जंगलाचा दोन मिनिटांचा तुकडा कापून घेतला आणि आधी त्यावर हात बसवायचं ठरवलं.

गुरुवारचा पहिला तुकडा. झाडं बरी आली, आभाळ मात्र करपलं. ढगाच्या जागी नुसता पांढरा डाग.

"दुधाळ," बाबा म्हणाले.

शुक्रवारचा दुसरा. ढग आले, पण भर दुपारी जंगलात दिवेलागण झाली. आई म्हणाली, "यात वाघ आला तरी दिसणार नाही बाप्पा."

"दुधाळ," बाबा म्हणाले. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. अंधारलेल्या चित्राला कोणी दुधाळ म्हणत नाही.

शनिवारी, तिसऱ्या तुकड्याला, मी अंदाजानं आकडे टाकणं सोडलं. तुकड्यातला सगळ्यात झगझगीत बिंदू किती आहे ते मोजून घेतलं आणि त्याच्या हिशेबानं उजेड उतरवला. माझ्या फोनचा पडदा चांगला आहे, मूळ फाईल त्यावर नीट दिसते. फोन टीव्हीशेजारी धरला. पान पानाशी जुळत होतं.

आई खुर्चीतून उठून जवळ आली. "आता पान पानासारखं दिसून राहिलं. आणि हे पाहा, शेंडे तांबूस आहेत. तुम्ही सांगता तसे."

"कुठे?" बाबा म्हणाले. "सगळं दुधाळ आहे."

मी भडकले. कंपनीवर. फाईल बरोबर होती, म्हणजे पडदाच खोटा. मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं, 'एचडीआर के नाम पर आँखों में धूल'. दुसऱ्याच ओळीत बाबांना साक्षीदार केलं: जन्मभर रंग पारखणारा माणूस म्हणतो की या टीव्हीचा रंग खोटा आहे. बाबांनी ते वाचलं आणि परत दिलं. मी समजले, आवडलं.

रविवारी सकाळी मला पत्रकासाठी फोटो हवा होता. पडद्याशेजारी नमुन्याची पत्री धरलेले बाबा. त्यांच्याकडे जुन्या पत्र्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असतात, बोटभर लांबीच्या, प्रत्येकीच्या मागे त्यांच्याच अक्षरात नंबर. त्यांचा नियम पक्का आहे. रंग पाहायचा तो उत्तरेच्या खिडकीत, सकाळच्या उजेडात, दिवा बंद करून. ते खिडकीशी बसले, दोन हिरव्या पत्र्या काढल्या आणि एक माझ्यापुढे धरली.

"ही घे. दुसरी राहू दे, दोन्ही एकच आहेत."

एक आंब्याच्या पानासारखी होती. दुसरीत निळा होता, चांगलाच.

"बाबा, या दोन वेगळ्या आहेत."

"एकच आहेत. मी बनवलेल्या आहेत, मला सांगून राहिली?"

मी दोन्ही उलटल्या. मागे दोन वेगळे नंबर होते, सात आणि अकरा.

बाबांनी त्या आकड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मागं काहून पाहिलं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत उभी होती. तिचा हात थांबला. "माझ्या निळ्या साडीला दोन महिन्यांपासून करडी म्हणून राहिले," ती म्हणाली. "मी म्हटलं, चेष्टा करतात."

"तू चूप," बाबा म्हणाले.

मला विचारायचं नव्हतं. विचारलं. "मग त्या भैयाचे पत्रे?"

"टीव्ही पण दुधाळ होता ना," ते म्हणाले. "तू स्वतः म्हणालीस. कंपनीला शिव्या देत होतीस, मला बरं वाटत होतं. वाटलं, पोरगी एवढी शिकलेली, म्हणते दोष टीव्हीचा आहे, तर असेल."

"टीव्हीचा होता. शनिवारपर्यंत."

"हं."

"बाबा, उद्या सोमवार आहे. त्याला काढतील."

"आणि मी सांगितलं तर मला कोण ठेवेल? आंधळा तपासनीस?" त्यांनी पत्र्या फडक्यात गुंडाळल्या. गाठ दोनदा सुटली. "तुझ्या संघटनेत माझ्यासारख्यासाठी पत्रक निघतं काय?"

मी एवढंच म्हणाले, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

हे मी माझ्या बापाला म्हणाले. कारखान्याच्या गेटवर उभं राहून अनोळखी मालकांना असली वाक्यं मी कितीदा ऐकवली असतील, कधी जीभ अडली नाही. त्या दिवशी शेवटच्या शब्दावर अडली. बाबा आतल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, "तुझं बरोबर आहे, पण थोडं हळू बोलता येत नाही काय?"

चार वाजता ते बाहेर आले. "कागद काढ. तुला लिहिता येतं, लिही."

मी सवयीनं लिहीत गेले. मजूर, अन्याय, जवाबदेही. बाबांनी कागद डोळ्याजवळ नेला.

"हा 'घोर अन्याय' कोणी केला?"

"तुम्ही."

"मग मी लिहितो."

त्यांनी माझ्या सगळ्या ओळी खोडल्या आणि खाली दोनच लिहिल्या. मेरी आँखों में दोष है. मेरी टिप्पणी रद्द की जाए और माल किसी और को दिखाया जाए. सही केली, तारीख घातली. मग विचारलं, "ओळ सरळ आली काय?" वाकडी आली होती. मी हो म्हणाले.

सोमवारी स्कूटर मी चालवली. मागे बाबा, मांडीवर पत्र्यांचं गाठोडं. मला वाटत होतं, पुढच्या चौकात म्हणतील, गाडी वळव. प्रत्येक चौकात वाटत होतं.

भैया गेटबाहेर उभा होता. बाबा त्याच्यासमोरून सरळ आत गेले. मॅनेजरनं चिठ्ठी दोनदा वाचली, मग नापास लॉटचे चार पत्रे उचलून अंगणात आणवले. दोन सुपरवायझर आले. बाबांनी गाठोडं सोडून नमुन्याची पत्री स्वतः त्यांच्या हातात दिली. नंबर त्यांनी आईकडून वाचून घेतला होता. सुपरवायझरनी ती पत्री एकेका पत्र्यावर ठेवली. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"सही तो है," एक म्हणाला. दुसऱ्यानंही तेच म्हटलं.

भैयाला आत बोलावलं. जाताना तो बाबांपाशी थांबला. "बाबूजी, पहले बोल देते."

"हाँ," बाबा म्हणाले.

मग तो माझ्याकडे वळला. मी हसायच्या तयारीत होते, खोटं काय सांगू. "और दीदी, आप तो देखने भी नहीं आईं."

तो आत गेला. त्याचे फुकट गेलेले दिवस कोणी भरून दिले नाहीत. त्यावर मी नंतर लिहिलं, आणि शेरा कोणाचा होता तेही त्यात लिहिलं. केस न पाहता सोडणारी संघटना कोणती होती, तेही. बाबांनी ते पत्रक भिंग लावून वाचलं. या वेळी एकही शब्द खोडला नाही.

बाबांची ती नोकरी त्याच आठवड्यात गेली. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. वेळेवर आलात, म्हणाले. आधी उजवा झाला. पट्टी निघून काही दिवस झाल्यावर बाबा एका सकाळी टीव्हीसमोर आले आणि म्हणाले, "तो तिसरा तुकडा लाव."

मी लावला. त्यांनी डावा डोळा हातानं झाकला, पडद्यापाशी गेले आणि बोट टेकवलं. "हा तांबूस. हा पण. हा पण." मग उजवा झाकला आणि त्याच जागी पुन्हा पाहिलं.

"दुधाळ," म्हणाले. "तिसरा बरोबरच होता."

"मी शनिवारीच म्हटलं होतं," आई आतून म्हणाली.

डब्यावरचं स्टिकर मात्र खोटं आहे, हे मी अजूनही म्हणते. पण ते पत्रक मी छापलं नाही, त्यातला साक्षीदार काढल्यावर उरत होती ती फक्त माझी चिडचिड. पूर्ण चित्रपट लॅपटॉपला लावून दिलाय. बाबा तासा-तासानं येऊन विचारतात, किती झालं.