मेहुण्यांचं चिकूचं झाड

आमच्या थोरल्या मेहुण्यांइतका सुखी माणूस डहाणूत दुसरा नसेल, आणि आपलं सुख स्वतःच्याच हाताने उसवत बसणाराही दुसरा नसेल. उभा जन्म बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, तसे हे दोसुती कापड आणि सुई घेऊन खिडकीत बसले. वहिनी गेल्यावर त्यांच्या पेटीत भरतकामाची लाकडी रिंग सापडली होती, तेवढंच निमित्त.

सोपं काही भरायचं नाही हा त्यांचा बाणा. मोर, हंस, गुलाब यांची संभावना ते 'बालवाडी' अशी करत. लेकीच्या, म्हणजे प्राजूच्या, रुखवतात मांडायला त्यांनी चिकूचं झाड निवडलं; तपकिरी फांदीवर तपकिरी फळं! खिशात चिकू घेऊन दुकानात जायचे आणि एकेका लडीशी रंग ताडून बघायचे. गुजराती दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, चॉकलेटी लई जाव ने!" हे शांतपणे म्हणाले, "चिकू चॉकलेटी असता तर मी कशाला आलो असतो?" शेवटी चिकूच पिकून लडीला लागला आणि ती चॉकलेटी लड मुकाट्याने विकत घ्यावी लागली.

टाक्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक फुलीतला वरचा दोरा एकाच बाजूला झुकला पाहिजे. एखादी फुली उलटी निघाली की तिथपर्यंतचं सगळं उसवायचं, आणि तेही हसतमुखाने. पाठची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ हवी. आमच्या भिंतीवरचं सौ.चं भरतकाम त्यांनी एकदा उलटं करून पाहिलं, तिथल्या गाठी निरखल्या आणि फक्त "चालायचं" म्हणाले. पुढे दोन दिवस आमच्या आमटीत मीठ नव्हतं. नोटाबंदीत बँकेच्या रांगेत सगळं गाव कावलेलं असताना हे उभ्याउभ्या टाके घालत मागच्या माणसाला सांगत होते, "तुम्ही व्हा पुढे, माझा हिरवा दोरा अजून संपायचाय."

व्हायचं तेच झालं. लग्न उभं राहिलं तेव्हा झाड अर्धंच होतं. लाडू-चकल्यांशेजारी सुई टोचलेलं कापड मांडलं गेलं आणि तसंच प्राजूबरोबर तलासरीला सासरी गेलं. नातवंड होईपर्यंत बापाने लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यातून उगाच व्याह्यांकडे जाऊन बसायचं म्हटलं की मेहुण्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पण अर्धवट काम पुरं करायला गेलं तर कोण काय म्हणणार? रविवार आला की हे जेवून बसने निघत, तिच्या ओटीवर दुपारभर भरत बसत आणि संध्याकाळी परत येत.

एका रविवारी मी बरोबर होतो. बसमध्ये ते म्हणाले, "शेवटचं पान राहिलंय. आज संपेल."

"मग पेढे घेऊ की!" मी म्हणालो.

"आणि पुढच्या रविवारी काय सांगून यायचं?"



प्राजूने कापड आणून दिलं. त्यातली एक अख्खी फांदी, फळांसकट, गायब होती. व्याही गडबडले. "मांजराचं काम असेल," असं म्हणून प्राजू लगबगीने आत गेली. मेहुण्यांनी कापड उलटं केलं. एकही धागा तुटला नव्हता, कापड कुठे ओढलं गेलं नव्हतं.

"मांजराचा हात चांगला आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मी अंगणाकडे बघत बसलो.

सुईत दोरा ओवून झाल्यावर त्यांनी आत हाक मारली, "प्राजू, चहा टाक गं. वेळ लागणार आहे."

त्या घरात त्यांनी आपणहून मागितलेला तो पहिला चहा.