विद्यापीठाच्या पुष्पलताबाई

पुष्पलता ही उमरेडच्या एका विणकर घरातली पहिली बी.ए. एकाहत्तर साली नागपुरात धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत ती मुलाखतीला गेली. मुख्याध्यापिका कुसुमावतीबाईंनी विचारलं, "शिक्षण कुठं झालं?"

"नागपूर विद्यापीठात," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. पदवी विद्यापीठाचीच होती. पण ती शिकली होती उमरेडच्या कॉलेजात. विद्यापीठाशी संलग्न असलेलं ते कॉलेज तांदळाच्या गिरणीमागं चार खोल्यांत भरायचं. गिरणी सुरू झाली की सरांचं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. तिच्याबरोबरचे सगळेच बाहेर 'नागपूर विद्यापीठ' असं सांगायचे. गावाचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे प्रत्येकानं पाहिलं होतं.

नोकरी लागली. पहिल्याच दिवशी कुसुमावतीबाईंनी शिक्षिकांच्या खोलीत तिची ओळख करून दिली. "या आपल्या नव्या बाई. थेट विद्यापीठातून आल्यात." तेव्हाच बोलायला हवं होतं. पुष्पलता फरशीकडं बघत राहिली.

तिथून भीती लागली. पाहुणे आले की कुसुमावतीबाई 'विद्यापीठाच्या बाई' म्हणून तिला पुढं बोलवायच्या. तोंडातून गावाकडचं 'मले', 'तुले' निघून जाईल म्हणून ती मोजकंच बोलायची. कोणी विद्यापीठाचं नाव काढलं की घास तोंडात फिरायचा. शिपाई 'मोठ्या बाईंनी बोलावलंय' म्हणाला की ती वाटभर मनात उत्तरं जुळवत जायची. आणि हिवाळ्यात एकदा खरंच बोलावणं आलं.

"नववीच्या मुलींना पुढच्या आठवड्यात विद्यापीठ दाखवून आणा," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला तिथला कोपरान् कोपरा माहीत असेल."

"हो," ती म्हणाली.

रविवारी ती उमरेडला गेली. वडील श्रावण मागावर बसले होते.

"बाबा, मोठ्या बाईले कळलं तं काढून टाकतील मले."

"काहून काढतील? तू तं खरंच सांगितलं ना वं."

"अर्धंच सांगितलं."

श्रावणांनी मागाचा धोटा थांबवला. "मंग उरलेलं सांगून टाक. मी येऊ काय संगं?"

अंगावर सुताचा भुसा घेऊन वडील शाळेत उभे आहेत, असं तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि ती आणखीच घाबरली. "नको," ती इतक्या घाईनं म्हणाली की त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा माग सुरू केला. परतीच्या एसटीत तिला रडू आवरेना.

ठरल्या दिवशी ती मुलींना घेऊन अमरावती रोडवर विद्यापीठापाशी बसमधून उतरली. फाटकातून आत गेल्यावर डावीकडं वळावं की उजवीकडं, हेही तिला ठाऊक नव्हतं. चौकीदारानं विचारलं, "कोणता विभाग?" उत्तर न देता ती चालत राहिली. रस्ता एका सायकल स्टँडमागच्या बंद दारापाशी संपला. मुली कुजबुजू लागल्या.

"बाई, तुम्ही कोणत्या वर्गात बसत होता?" एकीनं विचारलं.

पुष्पलताला पळून जावंसं वाटत होतं, पण पोरी तिच्या भरवशावर आल्या होत्या.

"मी इथं कधीच आले नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा येतेय. मी उमरेडला शिकले." मग तिनं गिरणीमागच्या खोल्यांबद्दल सांगितलं. कोणी हसलं नाही. ती मागं फिरली आणि चौकीदाराला रस्ता विचारून आली.

दुसऱ्या दिवशी कुसुमावतीबाईंनी तिला समोर उभं केलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"मुलींनी घरी सांगितलं, आता पालक विचारताहेत मला. तुम्ही फसवलंत का?"

"नाही, बाई. पण सगळं सांगितलं नाही. भीती वाटली."

"कशाची?"

"नोकरीत घेणार नाहीत, याची."

कुसुमावतीबाईंनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं. त्यांनी खरोखर घेतलं नसतं, हे त्या दोघींनाही कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "वर्गावर जा. तास सुरू झालाय."

नोकरी राहिली, पुढं कायमही झाली. पाहुण्यांसमोर मात्र कुसुमावतीबाईंनी तिला परत कधी बोलावलं नाही. त्यानंतर शिक्षण कुठलं असं कोणी विचारलं, की पुष्पलता आधी उमरेडचं नाव घ्यायची. इतकी वर्षं शिकवूनही ते सांगताना भीती वाटायची, आणि समोरच्याचा चेहरा बदलतो का, ते ती बघत राहायची.