पऱ्हाट्यांची मोहीम

रणभूमीवर काढलेली एक रात्र माणसाला जन्मभर पुरेल एवढा मान देते. आमच्या गल्लीतल्या आबांना फक्त ती रात्र सिद्ध करायची होती.

एकाहत्तरच्या लढाईत आबा फौजेत स्वयंपाकी होते. तळ सीमेपासून लांब, म्हणून आघाडीवरच्यांचं पदक त्यांना मिळालं नाही. त्याच तुकडीत ट्रक चालवणारे वरणगावचे नाना पुढे त्यांचे व्याही झाले. एका रात्री त्यांचा ट्रक सीमेलगत गेला होता, म्हणून नानांना पदक आहे. ते प्रत्येक लग्नाला आणि एकदा तर नातवाच्या जावळालाही कोटावर आलं. "आबा, तुम्हीन बठ्ठी लढाई चुल्हापुढेच करी," हे नानांचं वाक्य मी अनेक पंगतींत ऐकलंय. आबा हसायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे.

यंदा नातीच्या शाळेने झेंडावंदनाला पदकवाल्या माजी सैनिकांना पुढच्या रांगेत बोलावलं. तेव्हा आबा मला पहिल्यांदा म्हणाले, "मी बी तठेच व्हतू." नानांच्या ट्रकमध्ये, शेजारी. नोंद मात्र एकट्या चालकाची झाली होती.

मी त्यांना जळगावच्या कार्यालयात नेलं. सीमेलगतच्या भागात हुकमावरून एक दिवस घालवला असेल तर पुरे, पण साक्षीदार हवा, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. साक्षीदार एकच होता. आबा त्याला फोन करेनात, शेवटी मीच केला.

नाना पदक लावून आले. आबा ट्रकमध्ये होते, हे त्यांनी लगेच सांगितलं. साहेबांनी कामगिरी विचारली. नाना म्हणाले, रसद. कसली, असं विचारल्यावर ते पंख्याकडे बघू लागले.

"नाना, सांगी टाका," आबा हळूच म्हणाले.

"पऱ्हाट्या," नाना म्हणाले.

त्यांचा अधिकारी भुसावळकडचा. थंडीत त्याला भरीत आठवलं. स्टोव्हवर भाजलेल्या वांग्याला आपण भरीत म्हणणार नाही, कपाशीच्या वाळल्या काड्या, पऱ्हाट्याच हव्यात, असं आबांनी त्याला बजावलं. कपाशी होती सीमेजवळच्या शेतात. अधिकाऱ्याने ट्रक दिला. गोळे पडू लागल्यावर दोघे रात्रभर ट्रकखाली पडून राहिले.

नियम जागा बघतो, ट्रकमधला माल नाही, असं म्हणून साहेबांनी साक्ष उतरवून घेतली. झेंडावंदनाच्या आधी पदक आलं. आबांच्या कोटावर ते नानांनीच लावलं. मुख्याध्यापिकाबाई शत्रूच्या माऱ्यात पार पाडलेल्या कामगिरीबद्दल बोलत असताना मी आबांना विचारलं, भरीत कसं झालं होतं?

झालंच नव्हतं. हे दोघे पऱ्हाट्या घेऊन परतले, तोवर तळावरच्यांनी वांग्यांची रस्साभाजी करून खाल्ली होती.