प्लास्टरच्या नाकावर तूप

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. बसमध्येच टाइप करतेय, घरी पोचले की मला जमणार नाही.

एडिनबरात मी एका म्हाताऱ्या इटालियन चित्रकाराच्या क्लासला जायचे. चर्च हॉलचं बेसमेंट, हीटर नावापुरता. पूर्वी रोममध्ये पोरं जशी शिकायची ना, तसंच ते शिकवायचे: आधी जुन्या चित्रांची कॉपी, मग प्लास्टरचे पुतळे, ते जमलं तरच जिवंत माणूस. अख्खा विंटर मी एकच प्लास्टरचं डोकं काढत होते. वैताग नुसता! पण टीचर कायमचे इटलीला चालले होते आणि शेवटच्या क्लासला स्वतःच मॉडेल म्हणून बसणार होते. ज्यांचं प्लास्टर पास, त्यांनीच त्यांना काढायचं. मला ते हवंच होतं.

तिथे चारकोल पुसायला रबर नाही, ब्रेडचा मऊ गोळा वापरायचा. शेवटच्या क्लासच्या आधीच्या क्लासला माझा ब्रेड संपला. फक्त चारकोल पुसून नाकावरचा उजेड काढायचा राहिला होता. डब्यात आईची पोळी होती. म्हटलं, गव्हाचीच तर आहे! तुकडा मळला आणि घासला.

तूप. नाकावर हा एवढा तेलकट डाग.

टीचरनी पोळी उचलून वास घेतला. "बटर?"

"तूप. म्हणजे... हो, बटरच."

"यावर आता चारकोल बसणार नाही. पुन्हा काढ."

"पण पुढचा क्लास शेवटचा आहे!"

"माहितेय मला," ते हळूच म्हणाले. नियम काही बदलला नाही.

घरी आई म्हणाली, "अगं बाई, मी ती खायला दिली होती ना!" एरवी हसले असते.

शेवटच्या क्लासला सगळे त्यांच्याभोवती. मी कोपऱ्यात, त्यांच्याकडे पाठ करून, पुन्हा तेच डोकं. इतकी रुसले होते की एकदाही वळून बघितलं नाही. जाताना "बाय" म्हटलं, तेसुद्धा बुटांकडे बघत.

मघाशी क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला. टीचर वारले. तिकडेच, इटलीत.

तेव्हापासून बसच्या काचेवरच्या वाफेत बोटाने त्यांचा चेहरा काढून बघतेय. येतच नाहीये. दर वेळी प्लास्टरचंच नाक येतं, अगदी परफेक्ट.

तुमचं झालंय का हो असं कधी? ज्यांनी बघायला शिकवलं, त्यांनाच नीट बघायचं राहून गेलं?