सावकाश वाढणारी गाठ

मानेतली गाठ आधी बायकोला सापडली. पुतणीच्या लग्नाला निघताना कुर्त्याचं वरचं बटण लागेना, म्हणून ती लावायला आली आणि तिचा हात थांबला.

"अहो, हे काय?"

"डास चावला असेल."

लोणावळ्याच्या बाजारात माझं चपला-रेनकोटचं दुकान आहे. गिऱ्हाईकाच्या पायावरून नंबर ओळखतो, म्हणून मला सगळंच बघून कळतं असा माझा समज. गाठ दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं मी जाहीर केलं. आमच्या डॉक्टरांना ती दुखत नाही याचीच काळजी वाटली. टीबी असेल किंवा आणखी काही, म्हणत त्यांनी पुण्याला पाठवलं. सुईतून आलेल्या पेशींवरून नक्की सांगता येईना, म्हणून अख्खी गाठ काढली. लिम्फोमा वाटतोय, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. पण नेमका कोणता ते पुढच्या तपासण्यांनंतर कळेल, असं सांगितलं.

तेवढा धीर मला कुठला! मी मरायच्या तयारीला लागलो. जुम्म्याच्या नमाजनंतर भेटेल त्याला "कहासुना माफ करा" म्हणू लागलो. समोरच्या दुकानदाराशी बरीच वर्षं अबोला होता. त्याने इतक्या मनापासून माफ केलं, की रोज दुपारी येऊन बसू लागला. इंदुरी गावच्या मेव्हण्याला मी माझी स्कूटर देऊन टाकली.

"दाजी, असं बोलू नका. कुटं चाललाय तुमी?" तो रडला, आणि रडता रडता किल्ली खिशात घातली.

रिपोर्ट आला तेव्हा तोच आम्हाला आपल्या गाडीतून पुण्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "लिम्फोसाइट म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांचं काम झालं की त्या मरतात. तुमच्या काही पेशी मरत नाहीयेत, साठत चालल्यात. पण हा प्रकार सावकाश वाढणारा आहे."

"मग केमो कधी?"

"आत्ता नाही. तुम्हाला त्रास नाही, स्कॅनमध्ये दिसलेल्या बाकीच्या गाठी लहान आहेत. आत्ता औषध देऊन फायदा नाही. आपण लक्ष ठेवू. ताप, रात्री घाम, वजन उतरणं, असं काही झालं तर लगेच या."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"दुकान उघडायचं."

खरं तर मी आनंदाने उडी मारायला हवी होती. पण सगळ्या गावाचा निरोप घेऊन झालेला. आता कुठल्या तोंडाने दुकान उघडू?

बायकोने विचारलं, "हे पूर्ण जाईल का?"

"बहुतेक नाही. पण पुष्कळ जणांना वर्षानुवर्षं औषध लागत नाही."

इतके दिवस गप्प असलेली ती तिथेच रडायला लागली. घरातलं रडणं माझ्याकडे आहे असं मी धरून चाललो होतो. मी तिची पर्स धरून बसलो.

परतताना उर्से टोलनाक्यावर मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, लय बरं वाटलं बघा. मग ती किल्ली..."

"राहू दे," मी मोठ्या मनाने म्हणालो. बायकोने खिडकीबाहेर बघितलं.

तेव्हापासून दुकानाला चालत जातो. काही महिन्यांनी पँट ढिली झाली. वजन केलं तर उतरलेलं! या वेळी मात्र कुणालाच काही न सांगता बायकोला घेऊन पुणे गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी मान, काखा, पोट तपासलं, रक्त बघितलं. "गाठी आहेत तशाच आहेत. जेवण जातंय? घाम? ताप?"

"काही नाही."

"मग नवीन काय केलंत?"

मी आठवत बसलो. बायकोच म्हणाली, "स्कूटर वाटून टाकली ना यांनी. आता रोज चढ चढतात."

बाई हसल्या, तीन महिन्यांनी यायला सांगितलं. स्टँडवर गाडीला वेळ होता. बायकोने दोन प्लेट भजी मागवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवली.